पाचवी सिंफनी, चार ध्वनिमुद्रणे: तुलना करून कसे ऐकावे

बेथोव्हेनची पाचवी सिंफनी, म्हणजे वाद्यवृंदासाठी लिहिलेली चार भागांची रचना, २२ डिसेंबर १८०८ रोजी व्हिएन्नातील थिएटर आन डेर वीन या नाट्यगृहात पहिल्यांदा लोकांसमोर वाजली. सुमारे चार तास चाललेल्या त्याच मैफलीत सहावी सिंफनी आणि चौथा पियानो कन्चेर्तो (एकल पियानो आणि वाद्यवृंद यांची रचना) यांचेही पहिले जाहीर वादन झाले. संचालक आर्तुर निकिश यांनी १९१३ साली बर्लिन फिलहार्मोनिककडून ही सिंफनी वाजवून घेऊन तिचे जे ध्वनिमुद्रण केले, ते संपूर्ण सिंफनीच्या अगदी सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणांपैकी एक आहे. तेव्हापासून आजपर्यंत तिची इतकी ध्वनिमुद्रणे झाली आहेत की, मोबाइलवर नुसते नाव टाकले तरी यादी संपता संपत नाही. नव्याने ऐकू लागलेला रसिक अशा वेळी विचारतो, ‘यातले सर्वांत चांगले कोणते?’ या प्रश्नाचे उत्तर त्याने इतक्यात कोणाकडूनही घेऊ नये, असे मला मनापासून वाटते. त्याने आधी या ध्वनिमुद्रणांत नेमका फरक कोठे पडतो ते ऐकायला शिकावे. कोणते आवडते हे त्याला पुढे आपोआप कळेल, आणि मुख्य म्हणजे का आवडते हेही सांगता येईल.

आपल्याकडच्या श्रोत्याला तुलना नवी नाही. एकच यमन दोन गायकांकडून ऐकून त्यातले वेगळेपण सांगणारे कान महाराष्ट्रात घरोघरी आहेत. मात्र ख्यालात गायक बंदिशीभोवती राग स्वतः उभा करत जातो, त्यामुळे फरक मोठे आणि उघड असतात. सिंफनीत प्रत्येक वाद्याचा प्रत्येक स्वर लिहिलेला असतो. वाद्यवृंदाच्या संचालकाच्या हाती उरतात त्या अगदी थोड्या गोष्टी: लय किती ठेवायची, ती कोठे ढिली सोडायची, थांबायला सांगितले आहे तेथे किती थांबायचे, कोणते वाद्य पुढे आणायचे, कोणते मागे ठेवायचे आणि लिहिलेली पुनरावृत्ती पाळायची की गाळायची. तुलना करताना कान याच जागी लावायचा असतो. ‘भावपूर्ण’ किंवा ‘जोरकस’ अशी मोघम विशेषणे मनात येऊ लागली, की या पाचांपैकी कोणत्या गोष्टीमुळे तसे वाटते आहे, हे स्वतःला विचारावे.

सुरुवातीला चारच ध्वनिमुद्रणे घ्यावीत. माझी निवड अशी आहे: विल्हेल्म फुर्टव्हेंगलर यांचे बर्लिन फिलहार्मोनिकबरोबरचे मे १९४७चे, ओटो क्लेम्पेरर यांचे लंडनच्या फिलहार्मोनियाबरोबरचे १९५९चे, कार्लोस क्लायबर यांचे व्हिएन्ना फिलहार्मोनिकबरोबरचे १९७४चे, आणि जॉन एलियट गार्डिनर यांचे ऑर्केस्टर रेव्होल्युस्योनेर ए रोमांटीक या वाद्यवृंदाबरोबरचे १९९०च्या दशकातले. ही चार सर्वश्रेष्ठ आहेत म्हणून मी ती निवडलेली नाहीत. ती एकमेकांपासून इतकी दूर उभी आहेत की, नवख्या कानालाही फरक चुकत नाही, म्हणून निवडली आहेत. एकाच पिढीतली, एकाच वळणाची चार ध्वनिमुद्रणे घेतली, तर पहिल्याच दिवशी सगळी सारखी वाटून उत्साह मावळण्याची भीती असते.

आपण जे ऐकतो आहोत ते नेमके कोणते ध्वनिमुद्रण आहे याची खात्री आधी करून घ्यावी. हे वाटते तितके सोपे नाही. हर्बर्ट फॉन कारायान यांनी बेथोव्हेनच्या नऊही सिंफनी बर्लिन फिलहार्मोनिकबरोबर एकाच कंपनीसाठी तीन वेळा ध्वनिमुद्रित केल्या, १९६०च्या, १९७०च्या आणि १९८०च्या दशकांत. त्याआधी १९५०च्या दशकात फिलहार्मोनियाबरोबर केल्या होत्या त्या वेगळ्याच. क्लेम्पेरर यांचेही १९५५चे मोनो आणि १९५९चे स्टीरिओ अशी दोन वेगवेगळी ध्वनिमुद्रणे आहेत. स्ट्रीमिंग सेवांवर दाखवलेले साल पुष्कळदा पुनर्प्रकाशनाचे असते, ध्वनिमुद्रणाचे नसते. म्हणून संचालक, वाद्यवृंद आणि ध्वनिमुद्रणाचे साल या तिन्ही गोष्टी जुळल्याशिवाय ऐकायला बसू नये. अल्बमच्या मुखपृष्ठाचे छायाचित्र किंवा सोबतची पुस्तिका मिळाली, तर तेथे हे सहसा सापडते.

ऐकण्याच्या व्यवस्थेबद्दल तीनच गोष्टी सांगतो, पण त्या न पाळल्यास सारी मेहनत वाया जाते. पहिली गोष्ट आवाजाची पातळी. दोन ध्वनिमुद्रणांतले जे किंचित मोठ्या आवाजात वाजते तेच कानाला अधिक जिवंत, अधिक स्पष्ट वाटते. हा दोष आपल्या श्रवणशक्तीतच आहे आणि अनुभवी श्रोतेही त्यातून सुटत नाहीत. म्हणून प्रत्येक ध्वनिमुद्रणाचा एकच जोरकस तुकडा, उदाहरणार्थ चौथ्या भागाची सुरुवात, लावून आवाज हाताने सारखा करून घ्यावा आणि मगच तुलनेला लागावे. दुसरी गोष्ट, तिसरा आणि चौथा भाग यांच्यामध्ये बेथोव्हेनने विराम ठेवलेलाच नाही. काही ॲप दोन ट्रॅकांच्या मध्ये क्षणभराची शांतता घालतात. ही शांतता कोणत्याही संचालकाने ठेवलेली नाही, आणि मी ती कित्येक महिने एका संचालकाची लकब समजत होतो. ॲपच्या सेटिंगमध्ये सलग वाजवण्याची सोय असते, ती चालू करावी. तिसरी गोष्ट म्हणजे हेडफोन. ते फार महाग नसले तरी चालतील. वाद्ये डावी-उजवीकडे कोठे बसली आहेत हे कळण्यासाठी ते हवेत.

स्वरलिपी वाचता येत नसली तरी ती समोर असावी. या सिंफनीचे जुने छापील संस्करण आयएमएसएलपी या संकेतस्थळावर विनामूल्य मिळते. पाश्चात्त्य स्वरलिपीत उभ्या रेघांनी पाडलेल्या कप्प्यांना बार म्हणतात आणि त्यांना क्रमांक देता येतात. पहिल्या भागात असे ५०२ बार आहेत. बोट ठेवून बार मोजत जाणे एवढे जमले, तरी काम भागते.

आता कालावधीकडे वळू, कारण पुष्कळांची तुलना तेथेच सुरू होते आणि तेथेच फसते. क्लायबर यांचा पहिला भाग साडेसात मिनिटांच्या आत संपतो, गार्डिनर यांचा साडेसहा मिनिटांच्या आसपास आणि क्लेम्पेरर यांचा साडेआठ मिनिटांहून अधिक चालतो. या भागाचा आरंभीचा खंड, म्हणजे पहिले १२४ बार, पुन्हा वाजवावा असे चिन्ह बेथोव्हेनने घातले आहे. पुनरावृत्ती धरून ६२६ बार होतात. बेथोव्हेनने १८१७ साली आपल्या सिंफनींसाठी मेट्रोनोमचे, म्हणजे ठरावीक गतीने ठोके देणाऱ्या यंत्राचे, आकडे जाहीर केले, त्यांत या भागासाठी मिनिटाला १०८ बार अशी लय दिली आहे. भागाकार केला तर पाच मिनिटे अठ्ठेचाळीस सेकंद येतात. त्यात थांबे आणि ओबो या फुंकवाद्याचा एक छोटा एकल तुकडा मिळवला की सहा मिनिटांच्या थोडे पुढे जावे लागते. म्हणजे गार्डिनर त्या आकड्याच्या निकट आहेत आणि क्लेम्पेरर त्यापासून बरेच दूर. हे आकडे खरोखर पाळण्याजोगे आहेत का, याबद्दल संगीतकारांत दीर्घकाळ वाद चालला आहे. त्यात आज पडण्याची गरज नाही. परंतु एखाद्या ध्वनिमुद्रणाचा पहिला भाग सहा मिनिटांत संपतो असे दिसले, तर लय खरोखर जलद आहे की पुनरावृत्ती गाळली आहे, हे तपासल्याशिवाय मत बनवू नये. जुन्या काळी ७८ फेऱ्यांच्या मोठ्या तबकडीच्या एका बाजूवर चार-साडेचार मिनिटांपुरतीच जागा असे, तेव्हा पुनरावृत्ती गाळण्याला व्यावहारिक कारणही होते.

चौथ्या भागात हा फरक आणखी मोठा होतो. तेथेही आरंभीच्या खंडाची पुनरावृत्ती लिहिलेली आहे आणि ती पाळली तर सुमारे दोन मिनिटे वाढतात. क्लायबर ती पाळतात, त्यामुळे त्यांचा शेवटचा भाग जवळजवळ अकरा मिनिटांचा होतो. कारायान यांचे १९६२चे ध्वनिमुद्रण ती गाळून नऊ मिनिटांच्या आत संपते. नुसते आकडे पाहणाऱ्याला क्लायबर संथ वाटतील, आणि ऐकणाऱ्याला तसे मुळीच वाटणार नाही. पिएर बूलेझ यांनी १९६०च्या दशकातल्या आपल्या ध्वनिमुद्रणात तर तिसऱ्या भागाचे मुख्य अंग आणि त्याचा मधला खंड ही जोडी संपूर्ण पुन्हा वाजवली आहे. बहुतेक छापील संस्करणांत ती पुनरावृत्ती नाही, आणि बेथोव्हेनचा अंतिम विचार कोणता होता याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत.

लय स्वतः मोजायची असेल, तर फोनवरच्या मेट्रोनोम ॲपमध्ये बोटाने ठोके देऊन आकडा काढण्याची सोय असते. प्रत्येक बारला एक ठोका असे वीस सेकंद करावे. ही मोजणी एकाच भागात तीन ठिकाणी करावी, कारण खरी गंमत त्या तीन आकड्यांच्या फरकात आहे. फुर्टव्हेंगलर यांच्याकडे हे आकडे एकमेकांपासून दूर जातात. गाण्यासारखा तुकडा आला की लय सैलावते आणि ताण वाढू लागला की ती पुढे झेपावते. गार्डिनर यांच्याकडे ते जवळजवळ सारखे राहतात.

यानंतर संपूर्ण सिंफनी चार वेळा सलग ऐकू नये. कान थकतात आणि चौथ्या वेळी काहीच ऐकू येत नाही. त्याऐवजी मोजक्या जागा ठरवून, प्रत्येक जागा चारही ध्वनिमुद्रणांत लागोपाठ ऐकावी.

पहिली जागा अर्थातच पहिले पाच बार. ते सर्व जगाला पाठ आहेत आणि म्हणूनच कोणी नीट ऐकत नाही. येथे संपूर्ण वाद्यवृंद वाजत नसून फक्त तंतुवाद्ये आणि क्लॅरिनेट वाजतात. सुरावट स्वराने सुरू होत नाही. आधी एक छोटी विश्रांती लिहिलेली आहे, मग तीन आखूड स्वर आणि चौथा लांबवलेला. आपल्या भाषेत सांगायचे, तर ते तीन स्वर समेच्या आधीचा उठाव आहेत आणि चौथा स्वर समेवर येतो. एखाद्या वादनात पहिल्याच आखूड स्वरावर सगळा भार पडला, तर ही सम हरवते. दुसऱ्या वेळचा लांब स्वर पहिल्यापेक्षा एक पूर्ण बार अधिक लांब लिहिलेला आहे. हा फरक ऐकू येतो का, की दोन्ही थांबे सारखेच वाटतात? आणि या पाच बारांची लय पुढे सहाव्या बारपासून सुरू होणाऱ्या धावत्या लयीचीच आहे, की हे पाच बार एखाद्या भव्य प्रवेशद्वारासारखे वेगळे काढून ठेवले आहेत? फुर्टव्हेंगलर यांच्याकडे ते प्रवेशद्वार आहे, थांबेही दीर्घ आणि जड आहेत. क्लायबर यांच्याकडे ती धावच आहे, आधीपासून चालू असलेली.

दुसरी जागा मला फार प्रिय आहे. क्लायबर यांच्या ध्वनिमुद्रणात सुमारे पाऊण मिनिटानंतर हॉर्न ही पितळी फुंकवाद्ये एक ललकारी देतात आणि त्यापाठोपाठ व्हायोलिनवर कोमल सुरावट सुरू होते. ही जागा ५९व्या बारपासूनची. कोमल सुरावट चालू असताना खालून चेलो आणि डबल बास ही खर्जाची तंतुवाद्ये तीच सुरुवातीची चार स्वरांची टकटक करत असतात. ती ऐकू येते की नाही, यावरून संचालक आणि ध्वनिमुद्रक या दोघांचीही परीक्षा होते. नंतर पुनर्मांडणीत, म्हणजे आरंभीचे संगीत पुढे परत येते तेथे, ३०३व्या बारला, तीच ललकारी परत येते, पण बेथोव्हेनने ती आता हॉर्नऐवजी दोन बसूनना (खर्जाच्या लाकडी फुंकवाद्यांना) दिली आहे. त्या काळच्या हॉर्नला झडपा नव्हत्या आणि या नव्या स्वरात त्यांना ती ललकारी नीट देता आली नसती, म्हणून असे केले असे मानले जाते. आजच्या हॉर्नला ती अडचण नाही, त्यामुळे विसाव्या शतकातल्या अनेक संचालकांनी ती परत हॉर्नकडे दिली. जुन्या धाटणीची वाद्ये वापरणारे गार्डिनर ती बसूनकडेच ठेवतात. काहींना बसूनचा आवाज त्या जागी केविलवाणा वाटतो. मला वाटतो तो काळोखा आणि खरा, कारण मधल्या काळात संगीताने जे सोसले आहे त्यानंतर ललकारी तशीच उजळ कशी राहील? तुमचे मत उलट असू शकते. पण या एका जागेवर मत असणे म्हणजे ऐकायला शिकणे.

या दोन्हींच्या मध्ये, ३०३व्या बारच्या सुमारे अर्धा मिनिट आधी, २६८व्या बारवर सारा वाद्यवृंद थांबतो आणि एकटा ओबो काही क्षण आलापासारखे वाजवतो. येथे वादकाला मोकळे सोडले आहे का ते पाहावे.

दुसऱ्या भागावर मी फार वेळ घालवत नाही. ‘आंदांते कोन मोतो’ म्हणजे चालती गती राखून. चेलो आणि व्हायोला यांच्या पहिल्या सुरावटीत पावले पुढे पडत आहेत असे वाटते, की ती उभ्या जागी गाते आहे, एवढे ऐकावे.

तिसऱ्या भागाचा शेवट मात्र पुन्हा पुन्हा ऐकावा. त्याआधी, याच भागाच्या मधल्या खंडात, चेलो आणि डबल बास यांची जी जोरदार धावपळ होते, तीत प्रत्येक स्वर सुटा ऐकू येतो का, याची नोंद करून पुढे जावे. मग सुरुवातीचे संगीत परत येते, पण दबक्या पावलांनी, तारा बोटांनी छेडत. आणि मग ती जागा येते: तंतुवाद्ये एक लांब स्वर धरून ठेवतात आणि त्याखाली टिंपनी (नगाऱ्यासारखे तालवाद्य) अत्यंत हळू आवाजात ठोके देत राहते. सुमारे पन्नास बार हा काळोख चालतो, शेवटच्या काही बारांत आवाज एकदम चढतो आणि चौथा भाग सी मेजर या उजळ स्केलमध्ये उघडतो. ट्रॉम्बोन, पिकोलो आणि काँट्राबसून ही वाद्ये या सिंफनीत पहिल्यांदा वाजतात ती येथे. तीन भाग ते वादक गप्प बसलेले असतात. तुलनेत दोन गोष्टी पाहाव्यात. टिंपनी खरोखर किती हळू आहे? आवाजाची चढण केव्हा सुरू होते? बेथोव्हेनने ती अगदी शेवटी लिहिली आहे, आणि जो संचालक आधीच चढू लागतो तो पुढचा उजेड स्वतःच्या हाताने कमी करतो.

जुन्या ध्वनिमुद्रणांना येथे न्याय द्यावा लागतो. निकिश यांच्या काळी मायक्रोफोन नव्हता. वादकांनी कर्ण्यासमोर दाटीने बसून वाजवायचे आणि त्या स्पंदनांनी सुई थेट मेणात रेघ कोरायची. अशा तंत्राने टिंपनी आणि डबल बास नीट उमटत नसत. विजेवर चालणारे ध्वनिमुद्रण १९२५च्या सुमारास आले, लाँग प्लेइंग तबकडी १९४८मध्ये. संचालक आर्तुरो तोस्कानिनी यांचे १९३९चे ध्वनिमुद्रण एनबीसी या अमेरिकी रेडिओ कंपनीच्या ज्या ८-एच स्टुडिओत झाले, तो कोरड्या आवाजासाठी ओळखला जातो. त्यांचे १९५२चे ध्वनिमुद्रण कार्नेगी हॉलमधल्या मैफलीचे आहे. दोन्हींतला काही फरक संचालकाचा आहे आणि काही खोलीचा. कारायान यांच्या १९६२च्या ध्वनिमुद्रणातली भरीव घुमणूक बर्लिनच्या येझुस-क्रिस्टुस चर्चची आहे. जे फक्त खोलीमुळे आहे ते वादकांच्या खात्यावर मांडू नये.

बैठकीचाही फरक ऐकावा. क्लेम्पेरर आणि क्लायबर पहिली व्हायोलिने डावीकडे आणि दुसरी उजवीकडे बसवतात. अनेक वाद्यवृंद दोन्ही डावीकडेच बसवतात. पहिल्या भागात चार स्वरांचा तुकडा एका गटाकडून दुसऱ्या गटाकडे जाताना हेडफोनवर ही फेक स्पष्ट कळते.

नोंदी लिहून ठेवाव्यात, आणि समीक्षा त्यानंतरच वाचाव्यात. मी वहीचे पान चार रकान्यांत आखतो आणि प्रत्येक जागेपुढे एकच वाक्य लिहितो. पहिल्या फेरीनंतर घरातल्या कोणाला तरी नावे न सांगता तुकडे लावायला सांगावे. नाव ठाऊक नसताना आपण लिहिलेले वाक्य आणि नाव ठाऊक असताना लिहिलेले वाक्य शेजारी ठेवले, की कीर्तीचा आपल्या कानावर किती दाब असतो ते दिसते.

शक्य असेल त्याने एकदा तरी वाद्यवृंद प्रत्यक्ष ऐकावा. मुंबईत नरिमन पॉइंटच्या नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्समध्ये (एनसीपीए) २००६ साली स्थापन झालेल्या सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचे कार्यक्रम होतात. ध्वनिमुद्रणात हळू आणि मोठा आवाज यांतले अंतर पुष्कळदा आवळलेले असते. सभागृहात टिंपनीचा खरा हळू ठोका ऐकलेल्या माणसाला हे आवळणे लगेच कळते.

या साऱ्या तुकड्यांनंतर चारही ध्वनिमुद्रणे संपूर्ण ऐकावीत, पण चार वेगळ्या दिवशी आणि वही न उघडता. तुकड्यांत हरलेले ध्वनिमुद्रण येथे जिंकू शकते. क्लेम्पेरर यांचा पहिला भाग मी सुटा ऐकला तेव्हा मला तो फार जड वाटला होता आणि वहीत मी तसे लिहूनही ठेवले आहे. सलग ऐकताना त्याच संथ चालीमुळे प्रत्येक वाद्य वेगळे ऐकू येत राहिले, आणि चौथ्या भागात ट्रॉम्बोन आले तेव्हा त्यांच्यासाठी जागा पहिल्या भागापासूनच राखून ठेवली होती असे वाटले. त्या पानावर मी दुसऱ्या शाईने तारीख घालून नवे वाक्य लिहिले. जुने वाक्य खोडले नाही.